कॅपवर उठावदार पफ एम्ब्रॉयडरी : फाइल तयार करण्यापासून माल देण्यापर्यंत

कॅपवरची अक्षरं फुगीर दिसतात, बोट फिरवलं की कडा हाताला लागतात, त्या कामाला पफ किंवा थ्रीडी एम्ब्रॉयडरी म्हणतात. त्यामागची युक्ती साधी आहे. कापडावर फोमचा तुकडा ठेवायचा, त्यावरून दाट सॅटिन टाके घालायचे आणि आजूबाजूचा उरलेला फोम ओढून काढायचा. कात्री कुठेच लागत नाही, कारण फोम सुईच कापते. अक्षराच्या दोन्ही कडांना सुई इतक्या जवळजवळ टोचते की टपाल तिकिटांच्या कडेसारखी छिद्रांची ओळ तयार होते आणि जास्तीचा फोम तिथून सुटून येतो.

ही एक गोष्ट नीट समजली की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. टाके दाट का, अक्षराची टोकं बंद का करायची, बारीक अक्षरं का चालत नाहीत, या सगळ्याचं उत्तर एकच : जिथे सुई टोचणार नाही तिथे फोम तुटणार नाही. नवे लोक मशीनच्या सेटिंगशी झगडत बसतात, पण पफ बिघडतो तो बहुधा फाइलमध्येच. म्हणून या लेखात मशीनपेक्षा डिझाइन आणि पंचिंगला (म्हणजे डिझाइनची टाक्यांची फाइल बनवण्याला) जास्त जागा दिली आहे.

आधी डिझाइन पारखा

ग्राहकाने लोगो पाठवला की पहिला प्रश्न हा विचारा : यातला कोणता भाग पफ होऊ शकतो? ‘सगळा’ असं उत्तर फार क्वचित येतं.

पफ होणारा प्रत्येक भाग सॅटिन टाक्याच्या पट्टीत बसला पाहिजे. सॅटिनमध्ये धागा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग जातो, मध्ये कुठे टोचत नाही, म्हणूनच खालचा फोम फुगलेला राहतो. मोठे भाग भरायला वापरतात तो टाटामी टाका इथे कामाचा नाही. त्यात सुई मध्ये ठिकठिकाणी टोचते आणि फोम दाबून सपाट करते.

पट्टीची रुंदी साधारण 4 ते 10 मिलिमीटर असावी. 3 मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टीत दोन्ही कडांची छिद्रं इतकी जवळ येतात की मधल्या फोमचा चुराच होतो, उठाव मिळत नाही. वरची मर्यादा मशीनच्या फाइलमुळे येते. औद्योगिक मशीनवर सर्रास चालणाऱ्या डीएसटी फाइलमध्ये एका हालचालीत जास्तीत जास्त 12.1 मिलिमीटर अंतर नोंदवता येतं. टाका त्याहून लांब झाला की तो तुकड्यांत जातो, आणि सॉफ्टवेअरने त्यात मध्ये टोचण घातली तर उठावाच्या बरोबर मधोमध दरी पडते. शिवाय इतका लांब धागा सैल राहतो आणि कशात तरी अडकून ओढला जातो. रुंद अक्षर हवंच असेल तर त्याच्या दोन शेजारी पट्ट्या करून मधली रेघ डिझाइनचा भाग म्हणून दाखवा. लपवण्याच्या नादात ती जास्तच दिसते.

अक्षरांच्या पोटातली रिकामी जागाही मोजा. इंग्रजी ए, आर, बी यांच्या आतला त्रिकोण किंवा गोल 2 ते 3 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तिथला फोम चिमट्याने निघता निघत नाही. अशा वेळी अक्षर मोठं करा किंवा आतली जागा थोडी उघडा. धारदार टोकं, तिरपे सेरिफ (अक्षरांच्या टोकांना असणारी छोटी शेपटं), हाताने लिहिल्यासारखी लिपी, बारीक बाह्यरेषा ही सगळी पफची शत्रू आहेत. जाड, गोलसर, सेरिफ नसलेलं अक्षर सगळ्यात चांगलं बसतं.

देवनागरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण उपलब्ध माहिती जवळजवळ सगळी रोमन अक्षरं धरून लिहिलेली असते. आपल्या लिपीत शिरोरेषा आहे आणि प्रत्येक उभी रेघ तिला जाऊन भिडते. ही भेट होते तिथेच पफ मार खातो. उभ्या रेघेचे टाके शिरोरेषेवर चढवले तर सुई खालचा फोम दुसऱ्यांदा टोचते आणि सांध्यावर खड्डा पडतो. मध्ये फट ठेवली तर तिथून फोम डोकावतो. म्हणून आधी उभ्या रेघा शिवायच्या, त्यांचं वरचं टोक शिरोरेषेच्या खाली अगदी थोडं सरकेल एवढंच ठेवायचं, आणि मग शिरोरेषेची सलग पट्टी शेवटी वरून न्यायची. सांध्यावर एकावर एक येणारा भाग 1 मिलिमीटरच्या आसपास राहिला की पुरे. पूर्ण शब्दावरून सलग शिरोरेषा जाण्यात फायदाही आहे : सगळी अक्षरं एकत्र बांधली जातात आणि टोकं बंद करायची ठिकाणं कमी होतात.

मात्रा, वेलांटी, उकार हे पट्टीच्या रुंदीत बसत असतील तरच पफमध्ये घ्या. नसतील तर मात्रा साध्या सपाट भरतकामात आणि मुख्य अक्षर पफमध्ये, असं करता येतं. पण मी शक्यतो तसं करत नाही, कारण एकाच शब्दात दोन उंच्या आल्या की वाचताना डोळा अडखळतो. त्यापेक्षा अक्षराचा फाँटच जाड घ्यावा. अनुस्वाराचा टिंब 4 ते 5 मिलिमीटर व्यासाचा ठेवला तर छान गोळीसारखा उठतो. ‘क्ष’, ‘श्र’, ‘द्ध’ असल्या जोडाक्षरांना मात्र शब्दच मोठा असल्याशिवाय हात घालू नका.

आणि टॅगलाइन? ब्रँडच्या नावाखाली 5 मिलिमीटर उंचीची ओळ असते तीही फुगीर हवी, असा आग्रह जवळपास प्रत्येक नवा ग्राहक धरतो. ती सपाटच करा. फुगीर नावाखाली सपाट ओळ असली तर नाव आणखी उठून दिसतं, हे ग्राहकाला नमुना दाखवूनच पटतं.

सामान

फोम 2 आणि 3 मिलिमीटर जाडीत सर्रास मिळतो. त्याहून जाड, 6 मिलिमीटरपर्यंतचाही येतो, पण सुरुवात 2 किंवा 3 नेच करा. भरतकामासाठी बनवलेला फोम टोचल्यावर सरळ फाटतो. मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणारी फोमची शीट दिसायला तशीच असते, पण चिवट असते आणि कडांना लोंबत राहते. स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण तीच आणतात आणि मग प्रत्येक कॅपवर चिमटा घेऊन बसतात.

फोमचा रंग धाग्याच्या रंगाशी मिळता घ्या. लाल धाग्याखाली पांढरा फोम असेल तर कडेला पांढरे ठिपके दिसणारच. सगळे रंग साठवणं जमत नसेल तर पांढरा, काळा आणि जास्त खपणारे दोन-तीन रंग ठेवा.

धागा नेहमीचा 40 नंबरचा पॉलिएस्टर. बारीक धागा फोम झाकत नाही. सुई टोकदार घ्या. विणलेल्या होजिअरीसाठी वापरतात ती बॉलपॉइंट सुई फोमला कापण्याऐवजी बाजूला ढकलते. 75/11 मापाच्या सुईने काम होतं. जाड फोम आणि कडक बकरम (कॅपच्या पुढच्या भागात आतून लावलेलं ताठ कापड) असेल तर 80/12 बरी. पफची मोठी ऑर्डर लावण्याआधी सुई नवी घाला. सपाट कामात बोथट सुई खपून जाते, पफमध्ये ती लगेच उघडी पडते.

कॅप निवडताना पुढच्या भागात बकरम असलेली, हातात घेतल्यावर उभी राहणारी कॅप घ्या. मऊ, चुरगळणारी कॅप फोम पेलत नाही. अक्षरं वाकडी दिसतात. सहा तुकड्यांच्या कॅपला पुढे मधोमध शिवण असते, पाच तुकड्यांच्या कॅपचा पुढचा भाग अखंड असतो. शिकताना पाच तुकड्यांची घ्या. सहा तुकड्यांच्या कॅपवर मधली जाड शिवण सुईला बाजूला ढकलते, म्हणून अक्षराची कड नेमकी शिवणीवर येऊ देऊ नका. शिवण दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत किंवा पट्टीच्या पोटात गेली की त्रास कमी होतो.

पंचिंग

पंचिंग तुम्ही स्वतः करा किंवा बाहेरून करून घ्या, खालच्या बाबी तपासल्याशिवाय फाइल मशीनवर लावू नका. साध्या सपाट लोगोची फाइल घेऊन खाली फोम ठेवला की पफ होतो, असा समज आहे. होत नाही.

घनता ही पहिली बाब. सपाट सॅटिनमध्ये टाक्यांतलं अंतर साधारण 0.40 मिलिमीटर असतं. पफसाठी ते निम्म्यावर, म्हणजे 0.16 ते 0.20 पर्यंत आणावं लागतं. इतकं दाट केल्यावरच सुई फोम सलग कापते आणि धागा फोम पूर्ण झाकतो. पण 0.15 च्या खाली जायचा मोह टाळा. तिथे धागा तुटायला लागतो आणि बकरमच कापलं जातं.

दुसरी बाब टोकांची. सॅटिन पट्टीच्या दोन लांब कडांवर सुई टोचते, पण पट्टी जिथे संपते तिथे, म्हणजे ‘आय’ या अक्षराच्या वर आणि खाली, छिद्रंच नसतात. तिथे फोम सुटत नाही आणि धाग्यांच्या मधून बाहेर डोकावतो. म्हणून प्रत्येक उघड्या टोकावर आडवी, छोटी सॅटिन पट्टी आधी टाकायची, जिचे टाके मुख्य पट्टीच्या टाक्यांना काटकोनात असतात. याला टोक बंद करणं किंवा कॅपिंग म्हणतात. मुख्य पट्टी नंतर तिच्यावरून जाते आणि तिला झाकते. काही जण टोकाकडे पट्टी निमुळती करत नेतात. गोलसर अक्षरांत ते चांगलं दिसतं, चौकोनी अक्षरांत आडवी पट्टीच हवी. एल, ई, टी यांच्या कोपऱ्यांवर दोन पट्ट्या भेटतात तिथेही हाच विचार करा : कुठली कड उघडी राहिली आहे ते बघा आणि ती बंद करा.

तिसरी बाब अंडरले. सपाट कामात कापड स्थिर राहावं म्हणून खाली झिगझॅग किंवा कडेने टाके घालतात. पफमध्ये तेच टाके फोम आधीच दाबून टाकतात. सॉफ्टवेअर आपणहून अंडरले घालतं, ते बंद करा. फोम जागेवर धरण्यापुरता पट्टीच्या मधून एक लांब टाक्यांचा धावदोरा पुरतो.

पुल कॉम्पेन्सेशन नेहमीपेक्षा थोडं जास्त ठेवा, कारण फोमवरून चढून जाताना धागा पट्टी आत ओढतो आणि अक्षर ठरवलेल्यापेक्षा बारीक येतं. 0.4 मिलिमीटरपासून सुरू करा आणि नमुना बघून वाढवा.

शिवण्याचा क्रमही फाइलमध्येच ठरतो. सपाट भाग सगळे आधी, पफ सगळ्यात शेवटी. पफ सुरू होण्याआधी रंगबदलाची आज्ञा घाला, धाग्याचा रंग तोच असला तरी, म्हणजे फोम ठेवायला मशीन थांबेल. एकदा फोम ठेवला की त्यावर परत सपाट काम येता कामा नये. कॅपवर अक्षरं मधून बाहेर आणि खालून वर जातील असं बघा. कडेकडून आत आलात तर मधे कापडाची सुरकुती गोळा होते.

सॉफ्टवेअर विलकॉमसारखं महागडं असलंच पाहिजे असं नाही. इंकस्टिच नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते इंकस्केपमध्ये चालतं. त्यात सॅटिनची घनता, अंडरले, रुंदीची भरपाई सगळं हाताने ठरवता येतं. टोकं बंद करायच्या पट्ट्या मात्र स्वतः काढाव्या लागतात, आणि शिकणाऱ्याने त्या स्वतःच काढलेल्या बऱ्या.

मशीनवर

आधी त्याच कॅपसारख्या कापडाच्या तुकड्याला बकरम लावून सपाट फ्रेमवर एक अक्षर काढून बघा. फाइलमधले दोष इथेच कळतात आणि कॅप वाया जात नाही.

कॅप फ्रेमवर चढवताना आतली घामाची पट्टी बाहेर उलटवा, नाहीतर तीही शिवली जाते. आत टिअर-अवे बॅकिंग (शिवल्यावर फाडून काढायचं अस्तर) ठेवा, फ्रेमचा पट्टा व्हायझरच्या, म्हणजे पुढच्या झापेच्या, अगदी मुळाशी बसवून आवळा आणि मागच्या बाजूचं कापड दोन्हीकडून चिमट्यांनी ताणून धरा. कॅपवर बोटाने टिचकी मारली तर ती घट्ट लागली पाहिजे. सैल कॅप सुईबरोबर वरखाली उडते. त्यातूनच धागा तुटणं, सुई मोडणं, अक्षर सरकणं हे सगळं येतं. डिझाइन व्हायझरच्या शिवणीपासून किमान 12 मिलिमीटर वर ठेवा. उंची बहुतेक कॅपवर 55 मिलिमीटरच्या आत राहिली तर बरं, कमी उंचीच्या कॅपवर त्याहूनही कमी. बऱ्याच मशीनवर कॅप उलटी बसते, तेव्हा डिझाइन 180 अंशांत फिरवलंय ना ते बघा आणि सुरू करण्याआधी ट्रेस फिरवा, म्हणजे न शिवता डिझाइनची हद्द मशीनकडून फिरवून बघा.

सपाट भाग झाला, मशीन थांबलं, की फोमचा तुकडा ठेवा. तो डिझाइनपेक्षा चारी बाजूंनी सेंटिमीटरभर मोठा असावा. टाके येणार नाहीत अशा कोपऱ्यांवर टेप लावा. चिकट स्प्रे वापरायचा तर फोमच्या पाठीवर, हलकासा, आणि मशीनपासून लांब जाऊन मारा. तो सुईवर आणि हुकात जमला की धागा तुटत राहतो.

वेग कमी करा. मिनिटाला 500 ते 650 टाके ठीक. वरच्या धाग्याचा ताण थोडा सैल करा, कारण घट्ट धागा फोम दाबतो. किती सैल? फोमच्या कडा गोल दिसाव्यात आणि खालचा बॉबिनचा धागा वर दिसू नये, इतका. मशीनमध्ये प्रेसर फूटची उंची बदलता येत असेल तर फोमच्या जाडीइतकी वाढवा. मशीन चालू असताना फोम बोटाने दाबून धरणारे लोक दिसतात. तसं करू नका.

फोम काढणं

शिवून झालं की कॅप फ्रेममध्ये असतानाच मोठे तुकडे काढून घ्या. फोम सरळ वर उपटू नका. टाक्यांवर अंगठा ठेवून बाजूला, कापडाला लागून ओढा. अक्षरांच्या पोटातले तुकडे चिमट्याने काढा. फाइल चांगली असेल तर इथे काम संपतं. कडेला बारीक तंतू राहिले असतील तर हीट गन लांबून, हलती ठेवत, क्षणभर फिरवा. फोम आकसून धाग्याखाली जातो. एका जागी धरलीत तर पॉलिएस्टरचा धागा आणि कॅपची जाळी दोन्ही वितळतात. लायटर वापरणारेही आहेत, पण फिकट रंगाच्या धाग्यावर काजळी बसते.

बिघाड झाला तर

टाक्यांमधून फोम दिसत असेल तर घनता कमी आहे किंवा रंग जुळलेला नाही. फक्त टोकांना दिसत असेल तर टोकं बंद केलेली नाहीत. फोम सरळ न फाटता लोंबत असेल तर आधी सुई बदला, मग फोमची जात बघा, आणि घनता सगळ्यात शेवटी. उठावच येत नसेल तर अंडरले चालू राहिलं आहे का ते तपासा, नंतर वरच्या धाग्याचा ताण. एकाच अक्षरावर धागा वारंवार तुटत असेल तर तिथे पट्ट्या एकावर एक चढल्या आहेत. आणि सगळं बरोबर असूनही अक्षरं एका बाजूला कललेली असतील तर फाइलला हात लावू नका. कॅप परत, नीट चढवा.

कॅपशिवाय इतर वस्तू

हुडी, स्वेटशर्ट, जाड जॅकेट, कॅनव्हासची बॅग यांवर पफ चांगला दिसतो. ताणल्या जाणाऱ्या कापडाला टिअर-अवे पुरत नाही, कट-अवे बॅकिंग (कापून उरलेलं कायम आत राहणारं अस्तर) लावा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर अक्षराभोवती कापड गोळा होतं. पातळ टी-शर्ट आणि पोलोवर पफचा हट्ट धरू नका. टाक्यांच्या वजनाने कापड लोंबतं आणि कडक अक्षर छातीला टोचतं. ग्राहकाला तरीही हवंच असेल तर ट्विलच्या (तिरप्या विणीच्या जाड कापडाच्या) तुकड्यावर पफ पॅच बनवून शिवून द्या. लोकरीच्या विणलेल्या टोपीवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म ठेवावी लागते, आणि ते काम पहिल्या महिन्यात घेऊ नये.

ऑर्डर घेताना

पफमध्ये टाके जवळपास दुप्पट होतात आणि वेग कमी असतो, शिवाय फोम ठेवायला थांबणं आणि नंतरची सफाई. तुम्ही टाक्यांच्या संख्येवर दर लावत असाल तर हा हाताचा वेळ त्यात येत नाही. तो वेगळा धरा. एक तयार कॅप ग्राहकाच्या हातात देऊन मंजुरी घ्या. फोटोवर मंजुरी घेऊ नका, कारण उठाव फोटोत कळत नाही आणि वाद नेमका त्याच्यावरून होतो. मोठी ऑर्डर असेल तर मंजूर कॅप, तिची फाइल, फोमची जाडी आणि धाग्याचा नंबर एका पिशवीत ठेवून द्या. सहा महिन्यांनी तीच ऑर्डर परत आली की हेच लागतं.

मालासोबत धुण्याच्या सूचना लेखी द्या. थंड पाण्यात, हाताने, ड्रायरमध्ये टाकू नये, भरतकामावर इस्त्री फिरवू नये, ड्रायक्लीनला देऊ नये. कॅप एकात एक बसवून, पुढचा भाग दबणार नाही अशा खोक्यात भरा. वजनाखाली दबलेला फोम पुन्हा पहिल्यासारखा वर येईलच असं नाही, आणि तोपर्यंत माल तुमच्या हातातून गेलेला असतो.